हातात द्यायचं नाही

बुधवार, १२ मार्च

मे महिन्यात भाषण आहे म्हणून ही वही काढली. शहरातल्या आम्हा फिजिओथेरपिस्टांच्या सभेत मला बोलायचंय आणि विषय मीच मागून घेतलाय: रुग्णाला चांगल्या सवयी कशा लावाव्यात. व्यायाम शिकवणं सोपं असतं. माझ्यासमोर सगळे शहाण्या बाळासारखे पाय उचलतात आणि मी जिना उतरले की पुन्हा सोफ्यावर आडवे. सलिमा म्हणते, तू माणसांवर फार चिडतेस. सलिमा माझी क्लिनिकमधली भागीदार, कॉलेजपासूनची मैत्रीण. ती चिडत नाही, म्हणून तिच्याकडे रुग्ण जास्त येतात. पण लवकर चालायला लागतात ते माझे, हे इथे लिहून ठेवते.

आज भाषणाला हवी तशी केस मिळाली. भिमाजी अण्णा, मूळचे सायखेड्याचे, एसटीतले निवृत्त कंडक्टर, बायको जाऊन बरीच वर्षं झाली. घराच्या ओट्यावरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता गंगापूर रोडच्या मागच्या गल्लीत मुलाकडे, रविराजकडे, आणून ठेवलंय. ऑपरेशन उत्तम झालंय. माणूस मात्र पलंगाला चिकटलाय. सून संजना हातात पाणी देते, मांडीवर ताट देते, चष्मासुद्धा पुसून नाकावर ठेवते.

"अण्णा, उठायचं ना?"

"डॉक्टरताई, मी जन्मभर उभाच राहिलो. शिटा लोकांनी घेतल्या. आता बसू द्या की जरा."

हसू आलं, पण दाखवलं नाही. वॉकर पुढे केला. त्यांनी बोटातल्या अंगठीने वॉकरच्या नळीवर टण टण असं दोनदा वाजवलं आणि मगच पाऊल टाकलं. दमले तेव्हा एकदाच टण. म्हणाले, "दोन बेल म्हंजी चला. एक बेल म्हंजी थांबा. डायवर कितीबी घाईत असू द्या, एक बेल वाजली का त्यानं बिरेक मारायचाच." मी म्हटलं, ठीक आहे, मी तुमची ड्रायव्हर.

काय हवंय तुम्हाला, असं मी प्रत्येक रुग्णाला पहिल्या दिवशी विचारते. ते म्हणाले, "माझ्या पायानं सायखेड्याला, माझ्या घरी. बाकी काय नाय." निघताना पाहिलं, रविराज दारात उभा राहून आमचं सगळं मन लावून ऐकत होता. असा मुलगा मिळायला भाग्य लागतं.

शनिवार, १५ मार्च

आज घराला नियम घालून दिला. अण्णांच्या हातात काहीही द्यायचं नाही. पाण्याचा माठ पलंगाजवळून उचलून खोलीच्या दाराशी. तहान तर लागणारच, त्यासाठी कोणाला सवय लावावी लागत नाही. तहानेला चालणं बांधून टाकलं की चालण्याची सवय आपोआप लागते. पुढच्या आठवड्यात माठ पॅसेजमध्ये, महिन्याभराने स्वयंपाकघरात.

संजनाचा चेहरा पडला. "मॅडम, मोठ्या माणसाने पाणी मागितलं आणि दिलं नाही, असं कसं करायचं? आमच्याकडे पाहुण्यालासुद्धा आधी पाणी हातात देतात." मी तिला स्पष्ट सांगितलं की तुझ्या या प्रेमाने ते कायमचे पांगळे होतील. जरा जास्तच बोलले बहुतेक, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण सुनांचं हेच होतं, चार लोक काय म्हणतील यात अर्धा जीव जातो.

रविराज म्हणाला, "मी बघतो मॅडम. नियम म्हणजे नियम."

शुक्रवार, २१ मार्च

अण्णा दाराशी जाऊन स्वतः पाणी घेतात! जाताना दोन बेल, येताना दोन बेल. पितात आणि मिश्या पुसत म्हणतात, "पुढं चला, पुढं चला, मागं लय जागा हाय." संजनासुद्धा हसली.

रविराजशी चहा पिताना गप्पा झाल्या. कंपनीतून मोठी रजा काढलीय त्याने, फक्त वडिलांसाठी. मी म्हटलं, बहुतेक मुलं पहिल्याच आठवड्यात विरघळतात, तुम्हाला कसं जमतं? तर त्याने लहानपणची गोष्ट सांगितली. सायखेड्याला नदीवर अण्णांनी त्याला पोहायला शिकवायचं म्हणून उचलून डोहात टाकलं होतं. तो बुडायला लागला, हात वर केला. अण्णा काठावर उभे राहून म्हणत होते, स्वतः ये, मी हात देणार नाही.

"आणि शिकलात!" मी म्हटलं.

"नाही मॅडम. कपडे धुणाऱ्या एका बाईने ओढून काढलं. मी अजूनही पाण्यात उतरत नाही." हे तो हसत हसत म्हणाला आणि माझा रिकामा कप उचलून आत घेऊन गेला.

भाषणाची सुरुवात याच गोष्टीने करायची. वडिलांनी दिलेला धडा मुलगा वडिलांना परत देतोय. शेवटचं वाक्य तेवढं गाळावं लागेल.

सोमवार, २४ मार्च

रविराजचा फोन. काल संजनाने गुपचूप अण्णांना पलंगावर पाणी दिलं, त्यावरून घरात वाद झाला. तो म्हणाला, "मॅडम, तुमच्या आवाजात एकदा सांगून पाठवा. माझं कोणी ऐकत नाही." मी क्लिनिकमधूनच व्हॉइस नोट पाठवली. रागात होते, त्यामुळे छान ठासून बोलले: "अण्णांना पाणी, जेवण, काहीही हातात द्यायचं नाही. त्यांनी मागितलं तरी नाही, रडले तरी नाही. ते स्वतः उठून येतील. आले नाहीत तर समजायचं, अजून तहान लागलेली नाही."

शेवटचं वाक्य मलाच इतकं आवडलं की भाषणासाठी उतरवून ठेवलं. शेजारच्या टेबलावर सलिमा रुग्णाचा खांदा फिरवत होती. ती म्हणाली, "संध्या, म्हातारा माणूस आहे. तहान लागल्याचं त्यांना उशिरा कळतं." मी म्हटलं, माहीत आहे गं, आपण एकाच वर्गात होतो.

बुधवार, २ एप्रिल

माठ स्वयंपाकघरात गेला. माझ्या वेळापत्रकाच्या आधीच. रविराजने स्वतःहून नेला. वॉकरही काढून घेतला, आता काठीवर. मी थोडी घाबरले, पण अण्णा भिंत धरून गेले आणि आले. कोपरावर काळंनिळं दिसलं, विचारलं तर रविराज म्हणाला, दाराची चौकट लागली. पोट चांगलं उतरलंय. वजन कमी झालं की खुब्यावरचा भार कमी, हे मी पहिल्या दिवसापासून सांगत होते.

अण्णांनी आज विनोद केला नाही. मी निघताना म्हणाले, "ताई, तुमचा तो नियम जरा बदला की."

"का? जमतंय की तुम्हाला."

त्यांनी रविराजकडे पाहिलं, मग खिडकीकडे. "पोरगा माझ्यावर गेलाय," म्हणाले. मी म्हटलं, मग अभिमान वाटायला हवा. सौदा करायला बघतात सगळेच. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास प्रत्येक रुग्ण नियमाशी भांडतो, तेव्हाच टिकून राहायचं असतं.

बुधवार, ९ एप्रिल

ऊन मरणाचं. दुपारी दोन रुग्णांच्या घरी जाऊन माझंच डोकं दुखायला लागलं. अण्णांचे ओठ फुटलेत. तूप लावायला सांगितलं.

गुरुवार, १७ एप्रिल

संजना माहेरी कळवणला निघाली. आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे, मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, करूनच येईल. जाण्याआधी मुद्दाम क्लिनिकमध्ये आली. बाकावर बसून पदराचं टोक पिळत राहिली.

"मॅडम, तुम्ही रोज जात जाल ना घरी?"

मी म्हटलं, रोज कशाला, आता तर कमी करणार आहे. प्रगती चांगली आहे. रविराज रोज व्हिडिओ पाठवतात, तेवढं पुरे.

"मी नसताना तुम्ही गेलात तर बरं होईल. हे... हे फार नियमाने वागतात."

हसूच आलं. बायका नवऱ्याच्या बेशिस्तीच्या तक्रारी घेऊन येतात, ही शिस्तीची घेऊन आली. समजूत घालून पाठवलं. जिन्यात ती थोडा वेळ उभी होती, सलिमाने नंतर सांगितलं.

मंगळवार, २२ एप्रिल

व्हिडिओची पद्धत मस्त चाललीय. चाल बघायची तर आवाज बंद करून बघायची, हे आमच्या कॉलेजच्या सरांनी शिकवलेलं. रुग्णाचं कण्हणं कानावर पडलं की डोळे फितूर होतात, लंगडणं बघण्याऐवजी आपण हळहळत बसतो. मी इतकी वर्षं असंच करते, आमच्या कामात याचा फार उपयोग होतो. दोन रुग्णांच्या मधे व्हिडिओ लावते, पाऊल, गुडघा, कंबर बघते, अंगठा पाठवून देते.

अण्णा आता जिना चढतात! रविराजने माठ गच्चीच्या जिन्यावर नेलाय, वरच्या वळणावर. मी जिना आताच सांगितला नव्हता, पण करतायत तर का अडवा? चढताना पाय ओढतात, मधे बसतात. एक नवी गोष्ट दिसली: थांबले की काठीने पायरीवर एकदा ठोकतात. पुन्हा थोड्या वेळाने एकदा. कॅमेऱ्याकडे बघून ठोकतात. ठेका धरत असतील. ठेक्याने चाल सुधारते, हाही मुद्दा भाषणात घालता येईल.

अण्णांच्या मोबाइलवर फोन केला, शाबासकी द्यावी म्हणून. तो रविराजने उचलला. म्हणाला, मोबाइलही वर ठेवलाय, म्हणजे त्यांना हवा असला की चढतील. डोकेबाज आहे हा मुलगा.

मंगळवार, २९ एप्रिल

संजनाचे कळवणहून दोन फोन येऊन गेले, दोन्ही वेळा माझे हात तेलात होते. परत लावायचा राहिला. उद्या आखाजी, माझ्या घरी आमरस, सासूबाईंनी आंबे मागवलेत. रविवारी भाषण. स्लाइड अजून अर्ध्याच झाल्यात.

सलिमाने आज अण्णांचा व्हिडिओ मागून घेतला आणि बराच वेळ बघत बसली. म्हणाली, "मनगटं बघ त्यांची, काड्या झाल्यात. आणि हे एकदा एकदा काय ठोकतायत?" मी म्हटलं, ठेका. ती म्हणाली, "आवाज लावून बघू का?" मी फोन काढून घेतला. समोर रुग्ण होता आणि मला तिच्या त्या काळजीवाल्या चेहऱ्याचा वैताग आला होता. ती म्हणाली, निदान एकदा जाऊन ये. भाषण झालं की सोमवारी जाईन म्हटलं.

रविवार, ४ मे

घडलं तसं क्रमाने लिहिते.

हॉल भरला होता. नदीच्या गोष्टीवर टाळ्या पडल्या. मग मी म्हटलं, आता माझा हिरो बघा, आणि कालच आलेला नवा व्हिडिओ लावला. मी तो फोनवर नेहमीसारखा आवाज बंद करून पाहिला होता, तोही घाईत, पहिली चार पावलं. हॉलमधला लॅपटॉप मात्र मोठ्या स्पीकरला जोडलेला होता.

पडद्यावर जिना. चार पावलं चढले आणि अण्णा मधल्या पायरीवर पालथे, काठी हातात. काठीने ठोकलं. एकदा. आवाज सबंध हॉलभर घुमला. मग अण्णांचा आवाज, ओळखू न येण्याइतका बारीक: "रव्या, एक बेल मारली रे. थांब आता. पाणी दे." मग पुन्हा एकदा ठोकलं.

आणि मग मीच बोलायला लागले. आधी वाटलं, माझा माईक चालू राहिलाय. पण माझे ओठ मिटलेले होते. "त्यांनी मागितलं तरी नाही, रडले तरी नाही. ते स्वतः उठून येतील. आले नाहीत तर समजायचं, अजून तहान लागलेली नाही." संपलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. रविराज अण्णांना माझी ती व्हॉइस नोट ऐकवत होता. अण्णांनी डोकं पायरीवर टेकवलं, एका जागी पडून ऐकत राहिले, पाठ झालेलं ऐकावं तसं. मग रविराज मऊ आवाजात म्हणाला, "ऐकलं ना अण्णा? स्वतः ये. मी हात देणार नाही."

कोणीतरी व्हिडिओ बंद केला. एक बेल म्हणजे थांबा. मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं त्यांनी, मी हसून ड्रायव्हर झाले होते.

सलिमाने मला हाताला धरून बाहेर काढलं, तिच्या गाडीत बसवलं. वाटेत तिनेच ॲम्ब्युलन्सला फोन केला, मला नंबर आठवेना. दार रविराजनेच उघडलं. इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले. "मॅडम, आज येणार हे कळवलं नाहीत," म्हणाला, आणि आत यायला वाट दिली.

अण्णा जिन्यावरच होते. व्हिडिओतल्या जागेपेक्षा थोडे वर. डोळे अर्धे उघडे, जीभ सुकून टाळूला चिकटलेली, चिमटीत धरलेली कातडी तशीच उभी राहत होती. वर वळणावर माठ, त्यावर झाकण, झाकणावर घासून लख्ख केलेला पेला.

"दोन पायऱ्या राहिल्या होत्या," रविराज माझ्या मागून म्हणाला. "मी कालपासून वाट बघतोय. हात नाही लावला मॅडम. तुम्ही विचारा त्यांना."

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्या दिवशी होतं तेच होतं, जे मला मन लावून ऐकणं वाटलं होतं. मला त्याची भीती वाटली आणि मग लगेच स्वतःची वाटली.

मंगळवार, ६ मे

अण्णा जिवंत आहेत. किडन्यांना मार बसलाय, खुब्यातला स्क्रू सरकलाय. पुन्हा ऑपरेशन करता येईल का, हे डॉक्टर आताच सांगत नाहीत. आपल्या पायाने सायखेडा आता होणार नाही, हे मला कोणी सांगायची गरज नाही.

पोलिस येऊन गेले. रविराजने त्यांना एवढंच सांगितलंय की मॅडमची ट्रीटमेंट चालू होती. माझी व्हॉइस नोट त्याच्या फोनमध्ये आहे. मी ती माझ्याकडून सगळ्यांसाठी डिलीट करायचा प्रयत्न केला, हेही इथे लिहिते. होत नाही, फार दिवस झाले.

संजना कळवणहून आली. मला वाटलं थोबाडीत मारेल. तिने फक्त विचारलं, "मी दोनदा फोन केला होता मॅडम, दिसला होता का?" मी हो म्हटलं.

शुक्रवार, ९ मे

आज अण्णा शुद्धीवर, बोलतायत. आत जायची हिंमत होत नव्हती. सलिमा म्हणाली, जा, नाहीतर पुढे कोणत्याच रुग्णाकडे जाऊ शकणार नाहीस.

त्यांनी मला ओळखलं. राग नाही, काही नाही. "डॉक्टरताई आल्या," शेजारच्या पलंगावरच्या माणसाला सांगितलं त्यांनी. मी माफी मागितली, काय काय बोलले आठवत नाही, रडले बरीच. ते ऐकत होते. मग म्हणाले, "रव्या जेवला का?"

ओठ सुकले होते. नर्सने थोडं थोडं पाणी पाजायला सांगितलं होतं. मी पेला भरला आणि त्यांच्या हातापुढे धरला. त्यांनी हात पुढे केला नाही. पेल्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं, आणि पलंगाची कड धरून उठायला लागले. पायाला वजन लटकवलेलं, हाताला सुई.

"अण्णा, नको, झोपून राहा. घ्या ना, मी देतेय."

"नाय नाय," घाईघाईने म्हणाले. "ठेवा तुम्ही तिकडं, लांब. मी येतो."

मी पेला त्यांच्या ओठांना लावला. त्यांनी तोंड गच्च मिटून घेतलं. शेवटी संजनाने माझ्या हातातून पेला घेतला, खोलीच्या दाराशी जाऊन फरशीवर ठेवला, आणि तिथून उचलून पुन्हा त्यांच्याजवळ आणला. "अण्णा, तुम्ही जाऊन आलात," ती म्हणाली. तेव्हा कुठे ते प्यायले.